वरचं पाणी

पुएर्तो रेआल, काबो रोहो
२ जून २०२२

प्रिय एफ्राईन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस, पण पत्राची सुरुवात कशाने तरी करायची असते. तू, यादिरा आणि मुली खुशाल असाल. आम्ही आहोत तसे आहोत.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तिसऱ्या मिनिटाला तुझी लाइन खराब होते. माझ्याशी बोलतानाच होते. पापांशी बोलताना ओरलँडोहून सगळं स्वच्छ ऐकू येतं. कागदाची लाइन खराब होत नाही आणि त्याला मधेच 'बरं ताई, ठेवतो' म्हणता येत नाही.

आधी पापांची बातमी देते, कारण तू तीच आधी शोधशील. मेच्या सुरुवातीला त्यांना आणखी एक छोटा झटका येऊन गेला, ते तुला फोनवर सांगितलंच होतं. तीन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, आता डाव्या हातातली ताकदही निम्मी झाली आहे. कप धरवतो, पण भरलेला नाही. बोलणं तसंच. चौऱ्याऐंशी वर्षांत जमवलेले सगळे शब्द गेले आणि एकच उरला, तुझं नाव. पाणी हवं असलं तरी 'एफ्राईन', लघवीला जायचं असलं तरी 'एफ्राईन'. मी रोज सकाळी, आई असताना म्हणायचो तसं, "आशीर्वाद द्या, पापा," म्हणते. 'देव तुझं भलं करो' त्यांना म्हणता येणार नाही, हे मला कळतं. पण हात तर हलतो ना. फोनवर तू आशीर्वाद मागतोस तेव्हा तो हात हवेत उठतो, तुझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा. तुला तो दिसत नाही. मला दिसतो, कारण फोन मी धरलेला असतो.

डॉक्टरीणबाईंनी मीठ पूर्ण बंद केलं आहे. "रक्तदाब असाच ताब्यात राहिला तर आणखी दहा वर्षं सहज काढतील," असं त्या माझी पाठ थोपटत म्हणाल्या. खारवलेल्या बाकालाओचं तर नावही काढायचं नाही. रात्रभर भिजवून तीनदा पाणी बदललं तरी त्या माशात मीठ उरतं, तेवढंही त्यांना नको. रविवारी उकडलेल्या निरफणसाबरोबर बाकालाओ नसला तर ते आईशी दिवसभर बोलत नसत, आठवतं ना? आता मी अळणी भात भरवते आणि ते माझ्या अंगावर थुंकतात. नेम अजून शाबूत आहे.

आता महापौरांची बातमी. तू पकडून दिलेला मासा ठीक आहे. बोटभर जीव, पण ऐट तशीच. वाळूतल्या बिळातून पिवळं डोकं बाहेर काढून घरात कोण आलं, कोण गेलं बघत उभा असतो आणि संध्याकाळ झाली की तोंडाने शिंपला ओढून दार लावून घेतो. पापा दिवसभर त्याच्यासमोर बसतात. पहिल्या झटक्यानंतर तू पाच दिवस आलास, त्यातला एक दिवस बुडी मारायला गेलास आणि तो आणून म्हणालास, "ताई, पापांना सोबत." मग तू गेलास. सोबत म्हणजे मी मोजण्यात नव्हते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

टाकीचं काम आता माझ्याकडे आलं आहे. इतकी वर्षं पापा ते स्वतः करायचे. झटक्यानंतरही डाव्या हाताने करायचे. मला त्या पाण्यात बोट बुडवायची परवानगी नव्हती. तुला सातव्या वर्षी होडीत बसवलं, सगळं शिकवलं. मला सांगितलं, बाईचा हात लागला की मासा बुजतो. म्हणून मी फक्त लांबून बघायचे: रोज सकाळी दुधाच्या जुन्या कॅनमधलं पाणी ओतायचं, काचेवर माझ्याच नेलपॉलिशने ओढलेल्या लाल रेषेपर्यंत. उन्हाळ्यात टाकीवर दिवसभर पंखा चालू असतो, त्यामुळे पाणी भराभर उतरतं. वरचं पाणी रोज घालावंच लागतं. मी रस्ता ओलांडते, धक्क्यावरून कॅन भरून आणते आणि ओतते. समुद्राचा मासा, समुद्राचं पाणी. यात शिकवण्यासारखं काय होतं आणि साठ वर्षं माझ्यापासून काय लपवलं, देव जाणे. मी ओतायला लागले की पापा खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटतात. "एफ्राईन, एफ्राईन." मी म्हणते, "एफ्राईन नाही, नील्सा आहे. तिलाही ओतता येतं."

शेवटी माझं एक. मायाग्वेसच्या इस्पितळात माझं एक छोटंसं काम आहे, २१ जुलैला. त्यानंतर तीन-चार आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे पापांनाही उचलता येणार नाही. कार्मेनमातेच्या जत्रेला १६ जुलैला येतो, होड्यांची मिरवणूक मुलींना दाखवतो, असं तू मागे म्हणाला होतास. तेव्हाच ये आणि महिनाभर राहा. घाबरण्यासारखं काही नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी ताई,
नील्सा


पुएर्तो रेआल
२६ जून २०२२

प्रिय एफ्राईन,

आशीर्वाद. तुझा फादर्स डेचा फोन आला त्याला आठवडा झाला. मी तो पापांच्या कानाला धरून उभी होते, त्यामुळे तुझं सगळं ऐकलं.

"पापा, आशीर्वाद द्या. महापौर काय म्हणतो? दार लावतो का अजून?"

पापा हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं, पण ते तुझ्यासाठी पूर्ण वापरतात. मग मी फोन माझ्या कानाला लावला आणि विचारलं, "तिकीट काढलंस का?"

"ताई, जुलैत कसं जमेल? मुलींचा नाचाचा कार्यक्रम, यादिराला सुट्टी नाही. तूच लिहिलंस ना, छोटंसं काम आहे म्हणून? मग ढकल की पुढे."

"मला ते पुढे ढकलायचं नाही."

"असं कसं, ताई? तुझ्याशिवाय पापांचं कोण करणार? तू म्हणजे तू आहेस. आणि महापौराला जप हां. पापांचा जीव त्याच्यात आहे."

"आणि माझा कशात आहे रे?"

"काय? लाइन खराब आहे, ताई."

'छोटंसं' हा शब्द माझाच, कबूल. आईने आपल्याला असंच बोलायला शिकवलं. म्हणजे मला शिकवलं. आता नीट लिहिते. गर्भाशयात गाठ आहे, लिंबाएवढी. आधी आईला आणि मग पापांना सांभाळता सांभाळता जी पिशवी मी कधी वापरलीच नाही, तिच्यातच निघाली. काढल्याशिवाय ती कसली आहे ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना मी विचारलं, "सप्टेंबरमध्ये चालेल का?" त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरात दुसरं कुणी नाही का?" मी म्हटलं, भाऊ आहे. अभिमानाने म्हटलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा नाचाचा कार्यक्रम आणि लिंबू, दोन्ही तराजूत घालून बघ आणि कळव.

महापौर जरा सुस्त आहे. दोन-तीन दिवस त्याने दार लावलेलं नाही, खडे उचलतो आणि मधेच टाकून देतो. कल्ले भराभर हलतात. काचेच्या वरच्या कडेला पांढरं काहीतरी जमतं, ते मी पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतं. वरचं पाणी तर मी रोज न चुकता घालते आहे. पापा आता मूठ आपटत नाहीत, हुंकारतात. तुला काही कळत असेल तर सांग. त्याच्याबद्दल विचारलं की तू उत्तर देतोस, म्हणून विचारते.

तुझी ताई,
नील्सा


पुएर्तो रेआल
२४ जुलै २०२२

एफ्राईन,

महापौर मेला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र ते शोधत वाचशील आणि माझं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही.

कसा मेला तेही सांगते. फोनवर मी "म्हातारा झालाय, म्हणून सुस्त आहे" म्हटलं ते खोटं होतं.

५ जुलैच्या सकाळी पापांनी टाकीकडे हात केला. मी खुर्ची अगदी काचेशी नेली. तीनदा प्रयत्न करून त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, चाखलं आणि थुंकले. मग खुणेने मला जवळ बोलावलं. पुन्हा बोट बुडवलं आणि माझ्या ओठांना लावलं. पापांनी आपणहून मला हात लावल्याला किती वर्षं झाली असतील, मला आठवत नाही. पहिले दोन क्षण मी त्याचाच विचार करत होते. मग जीभ आकसली. आपला समुद्र इतका खारट नाही.

मी शेजारच्या विल्सनला हाक मारली. त्याचे वडील पापांच्या होडीवर होते, तुझ्याबरोबर तोही माशांमागे बुड्या मारायचा. त्याने पाणी चाखलं आणि हसायलाच लागला.

"ताई, लोणचं घातलंस की त्याचं! वरचं पाणी कुठलं घालतेस?"

"धक्क्यावरचं. समुद्राचं."

"अगं, वरचं पाणी गोडं असतं. उन्हाने नुसतं पाणी उडून जातं, मीठ कुठं जातंय? ते आतच बसतं. त्यावर तू रोज आणखी खारं ओततेस. काकांनी कधी सांगितलं नाही तुला?"

काका तिथेच बसले होते. विल्सनने त्यांच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. मग मला नीट समजावलं: नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, रोज टाकीतलं कॅनभर काढून तेवढं गोडं घालायचं, घाई करायची नाही. "आठवड्याभरात दार लावायला लागेल बघ. धट्टाकट्टा आहे, वाचेल." पापांनी सगळं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्याला मी त्या सकाळपुरतं प्रेम समजले. आता वाटतं, मासा वाचणार म्हणून ते बघत होते, समोर मी होते इतकंच.

तर मी दोन कॅन नळाखाली भरले आणि ओट्यावर उघडे ठेवले. एवढं मी केलं होतं, हे लक्षात ठेव.

दुपारी पोस्टमन आला. खोका होता, माझ्या नावाचा, तुझ्या अक्षरात. तीन वर्षांत पहिला. इस्पितळात घालायला सपाता असतील, नाहीतर झगा असेल, असं मी धरून चालले. हात धुऊन पुसले, पापांना दाखवलं, "बघा, एफ्राईनने मला काय पाठवलंय," आणि सुरीने चिकटपट्टी कापली. आत माशाच्या औषधाची बाटली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'ताई, पत्र मिळालं. दिवसाला पाच थेंब. नीट मोज. पापांना म्हणावं, काळजी करू नका.'

खोक्यात चुरगळून भरलेले सगळे कागद मी एकेक करून उलगडले. आणखी काही नव्हतं.

म्हणजे दुसरं पत्र तुला मिळालं होतं. त्यातली गाठ तू वाचलीस, पुढे माशापर्यंत गेलास आणि दुकान गाठलंस. बहिणीसाठी औषधाचं दुकान नसतं असं नाही, एफ्राईन. निदान 'बरी आहेस ना' एवढं त्याच चिठ्ठीत मावलं असतं. आणि वरचं पाणी कुठलं घालतेस, एवढं जरी तू मला विचारलं असतंस तरी तो मासा वाचला असता. तुला ते माहीत होतं. सातव्या वर्षापासून माहीत होतं.

मी ओट्यावरचं गोडं पाणी मोरीत ओतून दिलं, एक कॅन घेतला आणि रस्ता ओलांडला.

अकरा दिवस लागले. रोज सकाळी, रेषेपर्यंत. पापांसमोर. विल्सन काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं होतं आणि मीही ऐकलं होतं, त्यामुळे आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी मूठ आपटली. "एफ्राईन, एफ्राईन." मी म्हटलं, "बोलावते हं त्याला. तो आला की गोडं घालेल." मग ते रडले. माझ्यासमोर ते कधी रडले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही. मग नुसता पंजा काचेला लावून बसायचे. मला त्यांची खुर्ची दुसऱ्या खोलीत नेता आली असती. नेली नाही. विल्सनने कुंपणावरून विचारलं, तर मी सांगितलं, सुधारतोय.

१६ तारखेला होड्या निघाल्या. पहिल्या होडीत फुलांत बुडालेली कार्मेनमाता, मागे सगळ्यांचे भोंगे. दरवर्षी पापा खिडकीपाशी टोपी काढून बसतात. या वर्षी त्यांनी खिडकीकडे पाठ केली. महापौर बिळाबाहेर वाळूवर आडवा होता, तोंडात एक खडा धरलेला. भोंगे वाजत असतानाच तो खडा सुटला. मी चहाच्या गाळणीने त्याला काढला आणि पापांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. मग मीच एकेक बोट सोडवून हात धुतला.

तू विचारशील, वाईट वाटलं का. वाटलं. पण आधी बरं वाटलं, नंतर वाईट वाटलं. क्रम खोटा कशाला सांगू?

त्यानंतर चार दिवस पापांनी दात उघडले नाहीत. अळणी भात आता थुंकायचेही नाहीत, तोंडात जाऊच द्यायचे नाहीत. २१ तारखेला सकाळी सहाला मला मायाग्वेसला भरती व्हायचं होतं. सहा वाजता मी पापांचं अंथरूण बदलत होते. आठला इस्पितळातून फोन आला. पलीकडची मुलगी चांगली होती, रागावली नाही. ८ सप्टेंबर दिली. म्हणाली, "तेव्हा तरी घरचं कुणी असेल ना, मावशी?" मी म्हटलं, "तेव्हा सगळं मोकळं झालेलं असेल." असं का म्हटलं, ते फोन ठेवल्यावर माझं मलाच कळलं.

त्या दुपारी मी बाकालाओ आणला. रात्रभर भिजवला नाही. तासभर ठेवला एका पाण्यात आणि ते पाणीही बदललं नाही. निरफणस उकडला, वरून कांदा, ऑलिव्हचं तेल, आई करायची तसं. ताट पापांसमोर ठेवलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग टाकीकडे. ती तशीच आहे, रिकामी, लाल रेषेच्या वर पांढरी कड धरलेली. मग त्यांनी डावं बोट ताटातल्या तेलात बुडवलं आणि चाखलं, त्या सकाळी टाकीतलं पाणी चाखलं होतं अगदी तसं. मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर मीठ नुसत्या जिभेने ओळखणारा माणूस आहे तो.

मी म्हटलं, "पापा, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय."

त्यांनी ताटाच्या कडेत बोट अडकवून ताट आपल्याकडे ओढलं. सगळं खाल्लं. तेलसुद्धा पुसून घेतलं.

मी ताट उचलायला वाकले. सकाळच्या गडबडीत राहून गेलं होतं, म्हणून सवयीने म्हटलं, "आशीर्वाद द्या, पापा." ते नेहमीप्रमाणे तुझं नाव बोलले. पण हात उठला. वर आला आणि माझ्या डोक्यावर बसला. त्याला बाकालाओचा वास होता. मी वाकलेलीच राहिले, ओटीपोटात कळ येत होती तरी राहिले. दुसऱ्या दिवशी बाकालाओ वाढला, पुन्हा तो हात. परवा, काल आणि आज धरून चार ताटं झाली. मी भरवत नाही, जबरदस्ती करत नाही. फक्त वाढते. आज त्यांच्या घोट्यांवर सूज आहे, डोकं धरून बसले होते. तरी दुपारी ताटाकडे त्यांचाच हात गेला.

फादर्स डेला तू म्हणालास, त्यांचा जीव त्या माशात आहे. असेलही. मग ते आता ज्याची वाट बघताहेत ते मी का अडवू, मला कळत नाही. तुला कळत असेल तर तू येऊन अडव. त्यांच्या ताटात अळणी भात वाढ, अंगावर थुंकवून घे, रोज. मी आनंदाने बाजूला होईन. पत्र पोचायला चार दिवस लागतात आणि विमानाला तीन तास. मी घाई करत नाही. रोज थोडं, रेषेपर्यंत.

८ सप्टेंबरच्या आत तुला एकदा यावंच लागणार आहे. या वेळी नाचाचा कार्यक्रम असला तरी तू येशील, याची मला खात्री आहे. मुलींना आणलंस तर त्यांचे काळे बूट बरोबर घे, इथे चांगले मिळत नाहीत. खोली झाडलेली आहे. औषधाची बाटली न उघडता तुझ्या टेबलावर ठेवली आहे.

सुरुवातीला आशीर्वाद लिहिले नाहीत, ते तुझ्या लक्षात आलं असेल. इतकी वर्षं मी ते नुसते रीत म्हणून लिहायचे, कारण माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. आता पापांचे चार आहेत. त्यातला एक तुला.

तुझी थोरली बहीण,
नील्सा